जायफळचं खोगीर

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. भावोजींना आठवण सांग. ठकूला माझ्याकडून एक पापा दे आणि तिने तो पुसला तर आणखी एक दे.

तुझं पत्र मंगळवारी आलं, आज शनिवार. चार दिवस ते कातड्याच्या गठ्ठ्यावर ठेवून मी येता-जाता त्याच्याकडे बघत होते. इकडे सगळं ठीक आहे. बाबा रोज सकाळी दुकानात येऊन बसतात, माझ्या टाक्यांना नावं ठेवतात आणि वेळ झाली की जेवायला घरी जातात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. मी शिवणाचं नवं मशीन घेतलंय. ते त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यावर पोतं टाकून ठेवते. त्यांना सगळं माहीत आहे, पण ते बोलत नाहीत आणि मीही विषय काढत नाही.

आता तुझ्या प्रश्नांकडे वळते. ठकूच्या घोडीला इंग्लिश पद्धतीचं खोगीर मापाचं करून घ्यावं की तयार घ्यावं, आणि करायचं झालं तर मी करीन का, असं तू विचारलंस. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते.

ठकू अकरा वर्षांची, घोडी चार वर्षांची. दोघी वाढीला लागलेल्या. आज अगदी अंगाबरोबर खोगीर केलं तर वर्षभरात दोघींपैकी एक तरी त्यातून बाहेर येईल. म्हणून पुढची लोखंडी कमान बदलता येते असा सांगाडा घ्या. घोडी भरली की रुंद कमान बसवता येते. घोडीला सपाट जमिनीवर, चारही पायांवर सरळ उभी कर आणि मग खोगीर ठेव. खाली कापड-बिपड काही नको. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो, त्याच्या आणि कमानीच्या मधे दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. खोगिराखालच्या मधल्या चरातून पुढून मागे उजेड दिसायला हवा, म्हणजे कणा मोकळा आहे हे कळतं. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. दुकानदार म्हणेल, थोडं मागे गेलं तर काय बिघडतं. त्याचं काहीच बिघडत नाही, पाठ त्याची नसते.

घोडीचं झालं की मग ठकूचं बघ. बऱ्याच जणांचं उलटं होतं, आधी बसणाऱ्याची हौस भागवतात. तिला स्टुलावर बसवून कमरेपासून गुडघ्यापर्यंत मांडीची लांबी घे, दोन्ही पायांची. तिच्या तंगड्या तुझ्यासारख्या लांब असणार, तेव्हा बाजूची पाती थोडी पुढे आलेली लागतील, नाहीतर गुडघे बाहेर लोंबतील. बैठक एवढी हवी की तिच्या मागे तिचाच तळहात आडवा मावेल. फार खोलगट घेऊ नकोस. खोलगट बैठकीत मुलांना वाटतं आपल्याला बसता येतंय, आणि प्रत्यक्षात ती नुसती अडकलेली असतात.

हे सगळं झाल्यावर घोडीला अर्धा तास चांगली पळव. खोगीर उतरवल्याबरोबर पाठ बघ. खोगिराच्या पोटाच्या गाद्या टेकतात तिथली पाठ सगळीकडे सारखी ओली हवी. मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथे इतका दाब पडतोय की घामसुद्धा फुटत नाही. दिसली की ते खोगीर त्याच क्षणी बंद. उद्या बघू म्हणू नकोस.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, तो थंड होऊ दिला आणि परत येऊन बसले.

ताई, पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "दोन वर्षांत तू एकदाही आली नाहीस. मी पडले म्हणून तुझ्या पहिल्या खोगिराला नाट लागला, त्याचा राग आहे का तुझ्या मनात? असेल तर मला माफ कर." माफी तू मागतेस, तीही माझी. मग मी स्वतःला म्हटलं, बाई गं, आता तरी तोंड उघड.

मी तुझ्यावर कधीच रागावले नाही. कामाचा डोंगर, बाबांचा गुडघा, रस्त्याची दुरुस्ती, ही सगळी कारणं मी दुकानात बसून घडवलेली होती. तुझ्यासमोर यायचं म्हणजे तुझ्या काठीकडे बघायचं, आणि ते माझ्याने होत नव्हतं.

त्या खोगिरासाठी जायफळच्या पाठीचं माप मी कधी घेतलं होतं, आठवतं? तो नुकता तापातून उठला होता. बरगड्या मोजता येत होत्या. नेहमी उभ्या-उभ्या पेंगतो म्हणून आपणच त्याचं नाव जायफळ ठेवलं होतं, पण त्या दिवशी त्याला पेंगायचंही त्राण नव्हतं. मी वाकती पट्टी त्याच्या पाठीवर दाबून आकार घेतला, कागदावर उतरवला आणि त्या आकाराचा सांगाडा घेऊन आले. खोगीर पुरं व्हायला तीन महिने लागले. तेवढ्यात तू त्याला चारून-फिरवून इतकं अंगाने भरवलंस की खांद्यांमागे जिथे आधी हात मावायचा तो खळगाच उरला नाही.

आपल्याकडे गाद्या शिवण्याआधी दुसऱ्यांदा माप घ्यायचं असतं. बाबांनी आयुष्यभर घेतलं. मी घेतलं नाही. तुझी अडथळ्यांची स्पर्धा जवळ आली होती, बाबांनी पहिल्यांदाच सगळं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि मला ते वेळेत, एकटीने, कोणाला न विचारता पुरं करून दाखवायचं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू त्याला फिरवून आणलंस आणि तबेल्यातल्या सगळ्यांना गोळा केलंस. "हे माझ्या बहिणीने केलंय," असं प्रत्येकाला सांगत होतीस, एकेकाला टाके दाखवत होतीस. मी खोगीर उतरवलं. त्याची पाठ घामाने निथळत होती आणि खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, एकेक जागा होती. कोरडी खडखडीत. बाजूला घोड्यांची निगा राखणारे आपले मोतद्दार काका उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे बघितलंस ना, पोरी?" मी म्हटलं, "नवीन गाद्या आहेत काका, बसायला दोन दिवस लागतात." वर फडकं घेऊन मी त्या जागा पुसल्या, म्हणजे आजूबाजूचा घाम त्यांवर ओढला. तू वळून बघितलंस तेव्हा सगळी पाठ ओली होती.

दुसऱ्या दिवशी "आज जुनं खोगीर घाल" एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. सकाळी दोनदा तुझ्याजवळ आले आणि मूग गिळून परत गेले. तू इतकी खूश होतीस, आणि मला त्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं. तिसऱ्या अडथळ्यावरून तो खाली आला आणि उसळला, ते मी कुंपणाला धरून पाहिलं. तो पळून गेला नाही, ताई. तू पडलीस तिथेच थरथरत उभा राहिला. त्याला खांदा हलवायला जागाच नव्हती.

जायफळने तुला पाडलं नाही. मी पाडलं.

दवाखान्यात तू म्हणालीस, शिंगरू असल्यापासून हाताने भरवलं आणि हेच फळ दिलं त्याने. डाव्या खुब्याचं हाड जुळायच्या आत तू त्याला देऊन टाकलंस, त्याचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलंस. तेव्हाही मी पलंगाशी बसून नुसतं संत्रं सोलत होते.

आता जायफळबद्दल. गेल्या महिन्यात मला एका केंद्रातून खोगिरं दुरुस्त करायला बोलावलं. ज्या मुलांना नीट चालता येत नाही, त्यांना तिथे घोड्यावर बसवून फिरवतात. आवारात एक तपकिरी घोडा डोळे मिटून उभा होता आणि पाठीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी त्याच्या आयाळीच्या वेण्या घालत होती. मी जवळ जाऊन हाक मारली. त्याने एक डोळा उघडला, माझा खिसा हुंगला, त्यात काही नाही हे कळल्यावर डोळा परत मिटला. त्याच्या पाठीवर एक जुनं, रुंद, बेढब खोगीर होतं. ते उतरवलं तर खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या केसांचे दोन ठिपके. दाबाने कातडी दुखावली की तिथे पुढे पांढरेच केस येतात, हे तुला मी सांगायला नको. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन वर्षांत याने एकदाही रागाने कान मागे टाकले नाहीत. मी गाडीत बसून खूप रडले आणि दुरुस्तीची दोन खोगिरं तिथेच विसरून आले.

परवा बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला दोरा मेणावरून ओढून घेतला. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? पडली ती."

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हे. ठकूचं खोगीर मी करावं असं मला फार वाटतं. पण हे सगळं वाचून तू दुसऱ्या कारागिराकडे गेलीस तर ते बरोबरच होईल. त्याला वरचा मोजमापाचा भाग वाचून दाखव, तो खरा आहे. केंद्राचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलाय, तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण त्याला एकदा भेटून ये. त्याचा काही दोष नव्हता.

तुझी म्हणून सही करायचं धाडस आज होत नाही,
धाकटी

२० एप्रिल, सकाळ

ताई,

नमस्कार. तुझा कागद काल मिळाला.

माझं पत्र टाकून महिना उलटून गेला होता. पोस्टमन दिसला की मी कातडं कापायची थांबायचे, कारण हात वाकडा जायचा. बाबा काही विचारायचे नाहीत, पण पोस्टमन गेल्याशिवाय जेवायलाही जायचे नाहीत. काल त्यांनीच पाकीट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

वर "प्रिय" नाही, खाली सही नाही. घोडीची मापं, ठकूची मापं, सगळी भावोजींच्या अक्षरात, नीटनेटकी. त्याखाली तुझं अक्षर. इतकं दाबून लिहिलंयस की कागद मागून खरखरीत लागतो. "जायफळला भेटून आले. दोन वर्षं त्या मुक्या जिवाला शिव्या दिल्या मी, त्याचं काय करू ते सांग. तुझ्यावर अजून रागच आहे."

त्याचं काय करायचं, मला माहीत नाही, ताई. माझ्यामुळे तुझं हाड मोडलं याहून, माझ्यामुळे तू त्याचा द्वेष केलास हे मला जास्त लागतं. राग राहू दे. तो तुझ्या हक्काचा आहे, मी तो लवकर आवर असं म्हणणार नाही.

मला वाटलं कागद तिथे संपला. बाबा म्हणाले, उलटून तर बघ. मागे आणखी दोन ओळी होत्या. "उजवी मांडी मोजली. डावी अंदाजे, दोनेक बोटं कमी भरेल. त्या पायावर सरळ उभं राहायचं तर कोणीतरी धरावं लागतं आणि मोजायला आणखी कोणीतरी."

या ओळी मी किती वेळा वाचल्या, सांगत नाही. ही मापं ठकूची नाहीत. तुझ्या मांडीचं माप मी मागितलंच नव्हतं. कुठल्या घोड्यासाठी, हेही तू लिहिलं नाहीस, आणि मी पत्रातून विचारणार नाही. खोगीर घोड्यासाठी दोन्हीकडे सारखंच ठेवावं लागेल. डावीकडचा गुडघ्याचा टेकू तेवढा मागे घेईन, पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा वर घेईन, म्हणजे तुझा सगळा भार एकाच बाजूला जाणार नाही. पण अंदाजाने मी आता काहीच कापत नाही.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने येते. बाबाही येतायत, पट्टी ते धरतील. दार उघडल्यावर तुला जे बोलायचं ते सगळं बोल, ठकूसमोर बोललीस तरी चालेल, मी मान खाली घालून ऐकीन. झालं की काठी बाजूला ठेव आणि माझ्या खांद्यावर हात टाक. पूर्ण भार टाक. बाबांचं मोजून होईपर्यंत मी हलणार नाही.

तुझ्या डाव्या बाजूला उभी राहणारी,
तुझीच
धाकटी