येतो की

८ जानेवारी २००८
आजपासून ‘रेडिओ ठसका’त नोकरी. राजारामपुरीत तिसरा मजला, गारेगार खोली. भिंतीवरच्या फलकावर ‘आशिर्वाद’ असं लिहिलेलं. मी लगेच ‘शि’ची वेलांटी दीर्घ करून दिली. व्यवस्थापक बाळासो हसून म्हणाले, चंदगडचं पावणं धा‌वी नापास, पर मास्तरांच्या वर हाय की.

माझं काम दुपारच्या कार्यक्रमात जाहिराती आणि आवाजाचे तुकडे वेळेवर सोडायचं. निवेदक वीरेशदादा माइकवर, मी बटणांवर. जाहिराती संपल्या की तो ओरडतो, अगं गाण्याबाई, येतीस का न्हाय? मी पिवळं बटण दाबतो. एक बाई धापा टाकत म्हणते, “येतो की, आत्ता येतो!” आपल्याकडच्या बायका बोलतात तसंच, ‘येतो’. सगळं शहर हसतं. मीही पोट धरून हसलो.

१७ जानेवारी
कागलहून शिवलिंग नावाचा माणूस आला. पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. चप्पल बाहेर काढली, हात जोडले, म्हणाला, तेवढा माझ्या आईचा आवाज बंद करा.

पिवळ्या बटणावरची बाई म्हणजे त्याची आई, गौराबाई. गेल्या वर्षी वीरेशदादाने गंमत म्हणून तिला फोन केला होता : पोराचा हात मशिनीत गेलाय, दवाखान्यात या. येतो की म्हणत ती तशीच हायवेवर पळाली आणि ट्रकखाली गेली. ती गंमत कधी ऐकवली नाही. पण ते वाक्य यांनी कापून ठेवलं.

बाळासो म्हणाले, लोकांना आवडतंय, आम्ही काय करणार? शिवलिंग जाताना एवढंच म्हणाला, आई येतो म्हणाली की येतीच.

माझी नोकरी नवी. पुढच्या जाहिराती संपल्या आणि मी बटण दाबलं. तो अजून जिन्यातच असेल.

२३ जानेवारी
तुकडा लांबला आहे. “येतो की, आत्ता येतो. गोकुळ शिरगाव आलं बघ.” गोकुळ शिरगाव म्हणजे कागलहून इकडे येताना हायवेवर लागतं ते. फाईल उघडून पाहिली, त्यात हे वाक्य नाही. श्रोत्यांचे फोन आले, नवीन लई झकास हाय म्हणून. मीच जोडलं असं समजून बाळासोंनी पाठ थोपटली. मी नाही म्हणालो नाही. वीरेशदादा पाणी पीत राहिला.

२५ जानेवारी
“शाहू नाका आला. कुठं बसतोय रं त्यो, फोन केलेला?” वीरेशदादाने माझा हात धरला, दाबू नको म्हणून रडला. काचेमागून बाळासोंनी डोळे वटारले. मी दाबलं.

२८ जानेवारी
वीरेशदादा आला नाही. फोनही उचलत नाही. बाळासो म्हणाले, बस माइकवर. मी — माइकवर! बटणाला हात लावला नाही. तरी वाजलं.
“राजारामपुरी.”

२९ जानेवारी
गाणं लावून लिहितोय. जिन्यात कुणी नाही. हेडफोनमध्ये धाप — आता हेडफोन काढला तरी —

माइक उघडला. सगळ्या शहरासमोर सांगितलं, गौराबाई, फोन वीरेशने केला. गल्ली सांगितली, घर सांगितलं —

म्हणाली, त्याच्याकडनंच आलो.

दार बंदच आहे. खुर्चीमागून — हळू, लाडानं — म्हणते, माझा शिवलिंग हात जोडून गेला, तवा बटण कुणी दाबलं रं?

बाळासोंनी. बाळासोंचं नाव सांगतो. बाळासोंनी सांगितलं म्हणून मी फक्