आर्विडची जुनी बंदूक

८ नोव्हेंबर
पुन्हा तेच! खडीच्या खाणीत आर्विडने पाच गोळ्या झाडल्या, निशाणाच्या पुठ्ठ्याला एकच लागली. तिसरी तर आतच अडकली. घरी आल्यावर बंदूक टेबलावर आपटली — माझ्या मळलेल्या पिठाशेजारी. "आपोआप गोळी भरणाऱ्या जुन्या बंदुका सगळ्या अशाच. एक बार काढायचा, मग बसायचं झटापट करत!"

इतकी वर्षं ह्याच बंदुकीने घरात हरणाचं मांस आणलं. आता तीच वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं — पण हे त्याच्या तोंडावर कोण म्हणणार? डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी अंगावर येतो.

१० नोव्हेंबर
सुपिरियर सरोवरावरून बोचरा वारा. गुडघे दुखताहेत.

धाकटा दीर वाइनो येऊन गेला. शिकारीच्या खोपटात रिवाजच आहे, नेम चुकला की शर्टाचा मागचा भाग कापून भिंतीला ठोकायचा. हल्ली तिथे आर्विडचेच तुकडे जास्त. "वहिनी, यंदा दादाला उघडाच पाठव. शर्ट तरी वाचतील!" आर्विड हसला नाही. मीही नाही.

जाताना वाइनोची तपकिरी कुत्री अंगणातून पळाली. आर्विड खिडकीतून ओरडला, "हरीण!" नंतर म्हणे, गंमत केली.

१२ नोव्हेंबर
तो वाण्याकडे गेल्यावर बंदूक उघडली. गोळी बसते तिथे काजळी नि घट्ट झालेलं तेल. हा माणूस बंदूक लखलखीत ठेवायचा! त्याला घाण दिसलीच नाही.

ब्रशने घासली, तेल पुसून काढलं. थंडीत तेल जास्त झालं की ह्या बंदुका अडकतात, हे बाबांनीच शिकवलं होतं मला. मग खाणीत गेले. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या. एकही अडकली नाही, नि पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

बंदूक बिघडलेली असती तर बरं झालं असतं. खूप रडले.

१३ नोव्हेंबर
परवा हंगाम सुरू. जंगलात वाइनो असेल, त्याचे मुलगे असतील. गप्प कशी बसू?

जेवताना पुठ्ठा समोर ठेवला.

"कुणी मारल्या?"

"मी."

"कुणाच्या बंदुकीने?"

"तुझ्याच."

त्याने एकेक भोक बोटाने चाचपलं. मांस भरलेली पास्टी अर्धी टाकून उठला नि सॉनाच्या वाफेत जाऊन बसला. मी वाईट वागले का? कळत नाही. फार थकले आहे.

१४ नोव्हेंबर
दिवसभर तो सरपण रचत बसला.

१५ नोव्हेंबर
सकाळी बंदूक माझ्या हातात दिली. "तू मार, लेम्पी. मी कॉफी घेतो बरोबर." मग खिशातून गाडीची किल्ली काढून तीही दिली. "ही पण ठेव. उन्हाळ्यापासून नुसत्या सवयीवर चालवतोय."

उन्हाळ्यापासून! दर रविवारी नातीला चर्चला तोच घेऊन जातो.