मिजेटचं गिऱ्हाईक

२ एप्रिल, बुधवार

गाडी बघायला आणखी एक नमुना! मोटरसायकलवरून उतरला, फाटक ढकलून आत आला. माझ्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस, पाना माझ्याच हातात — आणि विचारतो कोणाला? व्हरांड्यात खुर्ची टाकून कुलरच्या जाळीत वाळा भरत बसलेल्या नागसेनला!

"काका, इंजिन ओरिजनल आहे का?"
"हो."
"अन् कार्बोरेटर?"
"हो."
"किती सीसीचं आहे?"
"हो."

आयुष्यभर पोस्टात शिक्के मारलेला माझा नवरा! बॉनेट उघडतात कुठून, हे त्याला आजही सांगावं लागतं. आणि मी आयटीआयमध्ये पोरांना इंजिनं खोलून जोडायला शिकवता शिकवता रिटायर झालेली बाई — मला तो माणूस म्हणतो, "काकू, थोडं पाणी मिळेल का?"

पूर्वीची मी असते तर दोघांनाही तिथेच झापलं असतं. पाणी आणून दिलं. विकायचीच आहे, तर आता कशाला घसा कोरडा करा.

४ एप्रिल

प्रशिकचा पुण्याहून फोन. "आई, एकदम बरोबर निर्णय घेतला तू." म्हणजे आजवरचे सगळे चुकीचे होते वाटतं! वर म्हणतो, गाडीच्या जागेत एक रूम काढू, भाड्याने देऊ.

निर्णय माझाच आहे, हे खरं. जानेवारीत डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो दाखवले. उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर झोपून उठायचं नाही. मग गाडीखाली जायचं कसं? त्याच दिवशी जेवताना जाहीर करून टाकलं — मिजेट विकणार. नागसेनच्या हातातला घास हातातच राहिला. "खरंच?" म्हणाला. म्हटलं, मी एकदा बोलले की बोलले. त्यावर त्याने वरण मागितलं. बस! एवढीच चर्चा.

बासष्ट सालची एमजी मिजेट. दोनच सीटा, बुटकी, उघडी. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे सापडली तेव्हा सीटवर कोंबड्या अंडी देत होत्या. नऊ वर्षं लागली तिला उभी करायला. बाबा सावनेरकडे खाणीच्या मॅनेजरचे ड्रायव्हर होते, त्या साहेबाकडे अशीच एक होती. बाबा ती धुवायचे आणि साहेब दौऱ्यावर गेला की मला हळूच आत बसवायचे. पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. ते खूळ तेव्हा डोक्यात शिरलं ते अजून गेलेलं नाही. याआधी एक जुनी हेराल्ड गाडी केली, एक फियाट केली, दोन्ही विकल्या, वाईट वाटलं नाही. हिचं वाटतं आहे.

६ एप्रिल, रविवार

गिऱ्हाईक पक्कं. हर्षित म्हणून एक आहे, लग्नाच्या 'एन्ट्री'चा धंदा करतो. गळ्यात चेन, हातात मोबाइल, गाडीभोवती फिरून आधी व्हिडिओच काढला. आणि अर्थातच नागसेनला —

"अंकल, गाडी तर एकदम कडक आहे! पांढरा पर्ल कलर मारू, बोनेटवर गुलाबं लावू, खालून निळी लायटिंग. दूल्हा उभा राहूनच एन्ट्री मारते!"

माझा हिरवा रंग! मूळ पत्र्यावरचा कण खरवडून, त्याच्याशी ताडून मिळवलेला हिरवा रंग! आणि उभा राहणार म्हणे, त्या सीटवर, बुटांसकट!

ओठ घट्ट मिटून बसले. नागसेन सारखा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हटलं, वीस तारखेला घेऊन जा.

९ एप्रिल

४३ डिग्री. कुलरचा पंप बंद. नागसेनने 'दुरुस्त' केला होता.

११ एप्रिल

हर्षितच्या इलेक्ट्रिशियनचा फोन. त्याला समजावता समजावता जीव गेला. अरे बाबा, आताच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला लावतात. हिच्यात उलटं आहे, प्लस बॉडीला! तुझ्या सवयीने लावलीस आणि इंजिन सुरू केलंस, तर डायनॅमोपासून सगळी वायरिंग जळेल.

"असं कसं असन मॅडम? मी वीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो."

नऊ वर्षांत जो इलेक्ट्रिशियन अंगणात आला, त्याने हेच ऐकवलं आणि प्रत्येकाच्या अंगावर मी ओरडले. आज नुसता फोन ठेवला. नागसेन म्हणाला, "काहून वं, बरं नाही का?" म्हटलं, गरमी आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदनेला जाऊन आलो. दुपारी सिंधूताई वन्सं आल्या, त्यांची नात मेघा पांढऱ्या साडीत मिजेटमध्ये बसली, पन्नास फोटो. वन्सं म्हणाल्या, "बरं केलं वं, विकून राहिली ते. किती दिवस लोखंड घासशीन?" हसून खीर वाढली. मोरीत जाऊन रडले.

१८ एप्रिल, शुक्रवार

बाप रे! हा माणूस!!

बॅटरी चार्ज करून व्हरांड्यात ठेवली होती. गुडघ्याच्या व्यायामाला मानेवाड्याला गेले, तासाभरात परत. हुडकेश्वरच्या वळणावरच जळका वास आला, वाटलं कोणी कचरा पेटवला. फाटकातून पाहते तर मिजेटच्या बॉनेटमधून धूर आणि शेजारी नागसेन वाळूची बादली घेऊन उभा! बॅटरी लावली. उलटी लावली. गाडी सुरूही केली!

मी काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. आख्खी गल्ली बाहेर आली होती. पोस्टातल्या नोकरीपासून कुलरच्या पंपापर्यंत सगळं काढलं. घसा बसला. आणि हा माणूस माझ्या शिव्या खात उभा — आणि तोंडावर चक्क हसू! लाज नाही, शरम नाही!

१९ एप्रिल

आवाज घोगरा. हर्षितला कळवलं. "मॅडम, मले तर पंचवीसच्या लग्नाले पाहिजे होती. राहू द्या मग, रायपूरले दुसरी एक पाहून ठेवली आहे." गेला! पर्ल कलरसकट गेला.

डायनॅमोपासून फ्यूजबॉक्सपर्यंत वायर वितळून एक झाली आहे. स्टूल ओढून बॉनेटशी बसले आणि एकेक सोडवायला घेतली. नागसेनला पक्कड मागितली तर पाना दिला. चिकटपट्टी मागितली तर सुतळी! दिवसभर त्याच्यावर खेकसले. दुपारचं जेवण चार वाजता झालं. वायरिंगचं सगळं काम वरूनच होतं, गुडघ्याचा संबंधच नाही — हे संध्याकाळी लक्षात आलं.

२० एप्रिल, रविवार

चहाच्या वेळी विचारलं, नऊ वर्षं माझं ओरडणं ऐकलं, तरी उलटी लावली कशी?

"माहीत होतं म्हणूनच लावली," म्हणाला. बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता, "जानेवारीपासून तू मले एकदाही रागावली नाही वं. घरात लय भेव वाटून राहिलं होतं."