एकमेकींना भेटणाऱ्या भेगा

९ नोव्हेंबर

पुन्हा तेच! पाच फिल्म केल्या, पाचही वाया. भेगा पडतात, पण एकमेकींना भेटत नाहीत. सगळ्या नाकासमोर एकाच दिशेनं चालल्यात.

पीएचडीच्या सरांचा फोन — "मनाली, वीस तारखेला जोडलेली जाळी दिसली नाही, तर विषय बदलू." तीन वर्षं घातलीत मी यात! भातकापणीला मुरबाडजवळ गावी घरी आले तर लेपाची बाटली, फिल्म, भिंग सगळं सोबत. आई म्हणते, ही सुट्टी आहे का शिक्षा?

१० नोव्हेंबर

करायचं ते ऐकायला सोपं आहे. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवर चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा. धरणाचं पाणी उतरल्यावर गाळ तडकतो तसा तो तडकतो. लॅबमध्ये त्या भेगांत चांदी भरायची आणि लेप धुऊन टाकायचा. मागे राहते चांदीची जाळी, इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. करंट मात्र नेते, फिल्म गुंडाळली तरी नेते! पण भेगा जोडलेल्या हव्यात. नाहीतर सगळं मुसळ केरात.

११ नोव्हेंबर

आज धोंडाआत्या खळं करत होती. बाबांची थोरली बहीण, आमच्या शेजारीच राहते. उद्यापासून तिथे भात झोडायचं, म्हणून शेण-मातीनं जमीन सारवत होती. मी बघतच राहिले. एवढं मोठं खळं, आणि एक चीर नाही! मातीत किती पाणी, किती शेण — मोजत काही नाही, बोटांनी चिमटून बघते. आमच्या लॅबमध्ये याला तीन मशीन लागतात.

नंतर घरात आली, पंख्यासमोरच्या माझ्या फिल्म बघितल्या आणि हसली. "अगो, असं कोन सुकवतं? वारा एका अंगानं लागला का भेगा पन त्याच अंगानं धावतात. वर टोपली उपडी घाल. निवांत सुकू दे."

मी तीन वर्षं यावर संशोधन करणारी बाई. पंखा बंद करायचं सुचलं नाही!

१२ नोव्हेंबर

टोपलीखाली सहा फिल्म ठेवल्यात. जेवणात लक्ष नाही.

१३ नोव्हेंबर

भेटल्या! भिंगाखाली पाहिलं — प्रत्येक भेग दुसरीला जाऊन टेकलेली. पिंपळाच्या जाळीदार पानासारखं दिसतंय. अंगणात नाचायचंच बाकी होतं. आत्याच्या पाया पडले तर म्हणाली, "येडी झालीस काय?"

सहाही तशाच टोपलीखाली झाकून ठेवल्या.

१४ नोव्हेंबर

रडून रडून डोकं दुखतंय.

फिल्म लॅबमध्ये न्यायला डबा हवा म्हणून मी मुरबाडच्या बाजारात गेले होते. तेवढ्यात आत्यानं टोपली उचलली. भेगा दिसल्या. तिला वाटलं, पोरीचं काम बिघडलं! बारीक माती आणि शेण कालवून सहाही फिल्म बोटानं लिंपल्या. इतक्या सुंदर की एक भेग शोधून सापडत नाही.

मी ओरडले. "आत्या, भेगाच पाहिजे होत्या मला!" ती टोपली हातात धरून उभीच राहिली. चूक तिची कुठे? भेगा हव्यात हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी स्वतःहून येऊन बसली. म्हणाली, "आमची आय लोकांची खळी सारवायची. भेगेत दाना गेला का मालक चार लोकांत बोलायचा, हिचा हातच तसला. आय खाली मान घालून परत सारवायची. तवापासून माझ्या हाताला भेग बघवत नाय गो."

मी तिचा हात धरून बसले.

१५ नोव्हेंबर

बाटलीत थोडाच लेप उरलाय, चार फिल्मपुरता. बाटली उघडायचं धाडस होईना. आत्याच म्हणाली, "आन इकडं. भेगाच पायजेत ना? मग शेन नाय घालायचं, एवढंच."

चारही तिनं केल्या. बोटाच्या एका फिरवण्यात लेप कडेपर्यंत सारखा! मग टोपली उपडी घालून तिच्याजवळ राखण करत बसली. कोंबडीला, मांजराला, मलासुद्धा जवळ येऊ देईना.

१६ नोव्हेंबर

उघडल्या. भिंग तिच्या हातात दिलं. खूप वेळ बघत होती. "बघ, कशा एकीला एक धरून हायत," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई भेगा बघून खूश झाली असेल. हिच्यासारखे हात मी कुठेच पाहिले नाहीत.

१९ नोव्हेंबर

लॅबमध्ये चांदी चढवली, लेप धुतला. उद्या सरांसमोर मोजायचं. झोप येणार नाही.

२० नोव्हेंबर

चारही फिल्ममधून करंट गेला. गुंडाळल्यावरसुद्धा! विषय राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म कशा सुकवल्या ते सांगितल्यावर सरांनी विचारलं, "उपड्या टोपलीची कल्पना कोणाची?"

मी म्हणाले, "माझी."