ज्याचं तेल, त्याच्या नाकाखाली

अण्णा, तुम्हाला लिहायचं मी कधीपासून ढकलतेय. सस्काटूनला कॉलेज सुटलं, तेव्हा लिहिणार होते. मग टोरोंटोतल्या बेसमेंटमध्ये उजेड नाही म्हणून राहिलं. आता मॉन्ट्रियलला आहे. दुकानात गिऱ्हाईक नाही, दारातला बर्फ शोव्हल करून झालाय, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं ते तेल समोर काउंटरवर आहे. म्हणजे आता पळवाट नाही.

दुकान एका लेबनीज बाईंचं. सगळे त्यांना मादाम म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे डोंगरात वडिलांची ऑलिव्हची झाडं सांभाळतो आणि दरवर्षी तेलाचे डबे पाठवतो. मादाम ते बाटल्यांत भरतात, आणि प्रत्येक बाटलीबरोबर गिऱ्हाइकाला त्या झाडांची गोष्ट देतात. या वर्षीचा पहिला डबा मी फोडला आणि हात तिथेच थांबला. आपल्या घाण्यावर पावसात भिजलेलं शेंगदाण्यांचं पोतं उघडलं की यायचा, तोच कुबट वास. जिभेवर घेतलं, तर घशाला लागणारा तो हिरवा तिखटपणा कुठेच नाही.

मादामनीच मला शिकवलंय. ऑलिव्हला एक माशी लागते, ती फळात अंडी घालते, अळी आतून गर खाते, आणि अळी बाहेर पडते त्या भोकातून बुरशी शिरते. असली फळं लगेच घाण्यात न घालता पोत्यांत दाबून ठेवली की संपलंच. तेल दिसायला सोन्यासारखं. पण कितीही गाळा, निवळू द्या, वास जात नाही.

तुम्ही दाणे घाण्यात घालण्याआधी तळहातावर चुरडायचात, हुंगायचात, आणि तोच तळहात माल आणणाऱ्याच्या नाकाखाली धरायचात. पाठीमागे बोलायचं नाही, ही तुमची रीत. मामाने शेंगदाणे आणले तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही हात पुढे करता, मामा हुंगत नाही, तोंड फिरवतो. मी मध्येच म्हणते, घ्या की, घरचेच आहेत. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "नाकाला नातं कळत नाही." आत आई भाकरी थापतेय, थाप थांबते. त्यानंतर मामा आला तो थेट तुमच्या तेराव्याला. आई तुम्हाला त्यावरून कधी काही बोलली का? मला माहीत नाही. मी तरी तेव्हा कुठे घरात टिकत होते.

काल मी मादामना सांगितलं. त्या बाटल्यांना लेबलं लावत होत्या. "पुन्हा चाखून बघ," म्हणाल्या. बघितलं. मग त्यांनी स्वतः घेतलं, बराच वेळ तोंडात धरलं, गिळलं.

"तुझं नाक गारठलंय. माझा भाऊ मला असलं पाठवणार नाही."

लेबलं मात्र पुढे लावली नाहीत. सकाळपासून दुकानावरच्या त्यांच्या घरातून भावाला फोन लावतायत, तो उचलत नाही. डबे परत गेले तर हा भाऊही गेला, एवढं मला कळतं. त्यांना दुसरं कोणी नाही. आणि तेल बाटल्यांत भरलं, तर मादाम गिऱ्हाइकाला गोष्ट सांगत असताना मी शेजारी उभी कशी राहू?

इतकं लिहिलं आणि दाराची घंटा वाजली. मला वाटलं कुरियर असेल. पायात पातळ बूट, खांद्यावर बर्फ, हातात एकच बॅग, आणि नाक-डोळे हुबेहूब मादामचे. त्यांचा भाऊच, न कळवता आलाय. मादाम जिन्यात उभ्या आहेत आणि त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघतायत. तो बूट झटकतोय तेवढ्यात हे खरडतेय. कागद राहील इथेच, काउंटरखाली. आता उठून थोडं तेल तळहातावर घ्यायचं आणि हात पुढे करायचा.

अण्णा, एक कबूल करते. माझं नाक चुकलेलं निघावं, असं आज पहिल्यांदाच वाटतंय.