गाडी विकणे आहे, पण आधी पास व्हा

ती. दादास,

नमस्कार, वहिनीलाही सांग. तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुझे मेहुणे रुसलेले आहेत.

काचबिंदूमुळे यांना बाजूचं दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, हे तुला ठाऊकच आहे. हायब्रीड सेडान विकायचं यांनीच ठरवलं आणि ठरवल्यापासून नीट जेवले नाहीत. जाहिरात मी लिहिली: एका हातची, बॅटरी ठणठणीत, छत उघडतं, सीट गार होते, मागे कॅमेरा. (एवढ्या सोयी आपल्या घरातही नाहीत.) फोनवर फोन आले. पण ज्यानं जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्याला शेजारी बसवून गिऱ्हाइकानं गाडी चालवून बघायची म्हणजे काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. गिऱ्हाईक येतं गाडी पारखायला आणि स्वतःच नापास होऊन जातं!

पहिले आले दातांचे डॉक्टर. गाडीचा आवाज येईना (ती बॅटरीवर निघते, मांजरीच्या पावलांनी), म्हणून ते गाडी चालू करायचं बटण दाबतच राहिले. पुढे कचकन ब्रेक मारला. हे म्हणाले, "अहो, ब्रेक हळू दाबला की बॅटरी भरते. दाढ उपटताय का?" डॉक्टर भर चौकात उतरून चालते झाले. गाडी आणि हे, दोघांनाही परत आणायला मला शेजाऱ्यांना पाठवावं लागलं. मग एक नवं जोडपं आलं. ती झकास चालवत होती, पण मागे बसलेल्या नवऱ्यानं पट्टा लावला नव्हता म्हणून दोघंही नापास. बँकेतल्या साहेबांचं सगळं बरोबर होतं, मी चहाचं आधणही ठेवलं होतं. पण रिव्हर्स घेताना त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "मान देवानं कशाला दिलीय?" झालं, चहा आम्हीच प्यायलो.

मी चिडले, खूप बोलले. तर म्हणाले, "अगं, कुणाच्याही हातात कशी देऊ?" आणि डोळे भरून आले त्यांचे. दुपारभर उभ्या गाडीत बसून काचा पुसत असतात रे.

म्हणून दादा, गाडी तूच घे. तुला नापास करायची यांची छाती नाही.

तुझी धाकटी

ता. क. वरचं लिहून महिना झाला, पाठवायचं राहूनच गेलं. आता गाडी घेऊ नकोस. त्यानंतरच्या एका भांडणात मी म्हटलं होतं, "मग मलाच शिकवा!" तर हे बूट घालून दारात उभे. साऱ्या गावाला शिकवलं, बायकोला शिकवायला तेवढा वेळ मिळाला नव्हता. माझं शिकाऊ लायसन्स आलं. रोज सकाळी घरामागच्या मैदानात फेऱ्या मारतो. हे शेजारी बसून मनसोक्त ओरडतात आणि घरी येऊन पोटभर जेवतात. रिव्हर्समध्ये मात्र मी रोज नापास. म्हणतात, तुला अजून बरेच महिने लागतील.

आणखी एक. रिव्हर्स मला पहिल्याच दिवशी जमला होता. यांच्यापाशी बोलू नकोस.