ओलिवाबाईंचे नऊ मेल

१४ मे, मंगळवार

खोटं बोलले नाही. हे आधी लिहून ठेवते.

चौकशी समितीपुढे आज माझी पाळी होती. एल ग्वामोची टेकडी ९ एप्रिलला खचली, सतरा माणसं गाडली गेली. त्याआधी वस्तीतून कुणी नगरपालिकेला कळवलं होतं का — एवढाच प्रश्न. मी म्हटलं, "नाही. तक्रारींचे तीन वर्षांचे सगळे मेल तपासले. एल ग्वामोतून धोक्याचा एकही नाही."

तपासणारा प्रोग्राम माझाच. आलेल्या प्रत्येक मेलमध्ये तो ‘भेग’, ‘तडा’, ‘खचणं’ असे शब्द शोधतो, त्यांची सगळी रूपं शोधतो. सापडलं की मेल थेट आपत्कालीन कक्षात. उरलेल्यांना ‘आपली तक्रार मिळाली, आभारी आहोत’ असं आपोआप उत्तर जातं. रोज पाच-सहा मेल पकडतो. दोन भिंती पडण्याआधी कळल्या होत्या त्याच्यामुळे!

मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. पांढरी वेणी, हातात भाजीची पिशवी.

"नऊ मेल टाकलेत मी, पोरी."

अध्यक्ष म्हणाले, बसा. ती बसेना.

"नऊ! आणि नऊही वेळा तुमचे आभार आले."

पिशवीतून कागद काढले. छापून आणले होते. आणि मी म्हटलं — माझी जीभ कशी झडली नाही — "बाई, पत्ता चुकला असेल."

लोक हसले. ती नाही हसली. जाताना सगळे कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली.

१५ मे

पत्ता चुकला नव्हता.

पहिल्या कागदावरची तारीख घेऊन मेलच्या पेटीत हाताने शोधलं. दोन मिनिटांत सापडला. ११ फेब्रुवारी. ‘भेग’ हा शब्द तीनदा! खाली शेजाऱ्यांची नावं — पूर्ण, आडनावांसकट. मग बाकीचे आठ. सगळेच्या सगळे आमच्याकडे पडून होते.

मग माझ्या प्रोग्रामला का दिसले नाहीत? मेल पाठवला जातो त्या कच्च्या रूपात उघडून बघितला. शब्दच नाहीत. नुसता अक्षरांचा लगदा, ओळीच्या ओळी.

लगेच कळलं. मला कळायलाच हवं होतं, तीन वर्षांपूर्वी!

आपल्या स्पॅनिशमध्ये एखाद्या अक्षरावर आघाताचं चिन्ह दिलं, किंवा n वर ती नागमोडी रेघ दिली, की फोन अख्खा मेल संकेतात गुंडाळून पाठवतो. वाचणाऱ्याच्या पडद्यावर तो आपोआप सुटतो. पण मी शब्द शोधत होते गुंडाळलेल्या गाठोड्यात. गाठोडं सोडणारी तयार कोडची लायब्ररी शोधणाऱ्या लायब्ररीच्या शेजारीच असते. दोन ओळींचं काम. त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत.

आणि लक्षात का आलं नाही? कारण फोनवर लिहिताना बहुतेक लोक चिन्हं देतच नाहीत. मीही नाही देत. असे मेल उघडेच येतात, पकडले जातात. हरवले ते शुद्ध लिहिणाऱ्यांचे. फक्त त्यांचेच!

ओलिवाबाई तांगारिफे. निवृत्त शाळामास्तरीण. वस्तीतले सगळे म्हणायचे, बाईंना सांगा, त्या नीट लिहितात.

एकही चिन्ह चुकलेलं नाही.

१६ मे

जेवण गेलं नाही. आई विचारते — तब्येत का? हो म्हटलं.

आमच्या विभागाच्या हिल्दार्दोसाहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. आधी वकील. तुझ्याच भल्याचं सांगतोय, निदिया — ती सतरा माणसं तुझ्या नावावर चढवतील."

"माझ्याच नावावर आहेत ना, साहेब?"

"सोमवारपर्यंत थांब गं बाई!"

वाईट माणूस नाही तो. माझ्या भावाच्या लग्नात नाचला होता. पण त्याच्या डोळ्यांत मला फक्त भीती दिसली, आणि माझ्याही डोळ्यांत त्याला तेवढीच दिसली असणार.

१७ मे

मूर्ख! मूर्ख! दोन दिवस मी नुसती ९ एप्रिलच्या आधीचे मेल चाळत बसले. टेकड्या काय त्या तारखेला खचायच्या थांबल्या?

सकाळी त्या दोन ओळी घालून प्रोग्राम आजपर्यंतच्या मेलवर चालवला. लोमा बेर्दे, दुसरी टेकडी. पाच मेल, एकाच माणसाचे. शेवटचा काल सकाळचा. तसाच्या तसा उतरवते:

‘महोदय, अंगणातल्या भेगेत फेब्रुवारीत कात्रीचं टोक जात होतं. आता माझा हात मनगटापर्यंत जातो. शिवणयंत्र रोज आपोआप भिंतीकडे सरकतं. पुढचं दार लागत नाही. मी वेडा नाही. एबेलियो मोंकादा, शिंपी.’

साहेबांना विचारलं नाही. दोन जिने धावत खाली — आपत्कालीन कक्षात, मार्लेनीकडे. ती पाव खात होती. कागद वाचला. पाव ठेवला.

"हा कालचा? अगं, मग माझ्याकडे का नाही आला?"

"माझ्यामुळे."

ती उठली. "रडणं नंतर. जीप काढते."

१८ मे

मार्लेनीने आणलेल्या भूगर्भवाल्याने भेगेत काठी घातली. काठी संपली, भेग संपेना. वर कॉफीच्या मळ्यात आणखी एक निघाली, अर्धगोल, सगळ्या वस्तीला कवेत घेतल्यासारखी. तो हळूच म्हणाला, "आजच. सगळे खाली."

एकशे बारा माणसं. कोंबड्या, फ्रीज, देवाच्या तसबिरी. ऊन कडक, आठ दिवस पाऊस नाही. कुणाला पटेना. एबेलियो शिंपी दारात उभा, टेप गळ्यात.

"पाच मेल टाकले तेव्हा झोपला होतात! आता आम्हाला घरातून ओढता?"

"हो," मी म्हटलं. "झोपले होते. मीच."

तो म्हणाला, "यंत्राचं दुसरं टोक धर."

धरलं. पायऱ्या एकशे साठ. सगळे शाळेत उतरले.

२० मे

समितीपुढे सगळं सांगितलं. वकिलाशिवाय. कुणी ओरडलं नाही — ओरडले असते तर बरं झालं असतं. लेखनिकाने विचारलं, "‘गाठोडं’ असंच लिहू?"

मला कामावरून थांबवलंय. पुढचं माहीत नाही.

२२ मे

ओलिवाबाईंकडे गेले. भाचीच्या घरी राहतात. बहीण आणि बहिणीचा नवरा, दोघे गेले त्यांचे. मला बस म्हणाल्या नाहीत. कॉफी मात्र दिली.

सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "नेमकं कुठल्या अक्षरामुळे?"

मी कागदावर दाखवलं. त्यांनी त्या चिन्हावर बोट ठेवलं.

"अडतीस वर्षं शिकवलं हे. विसरलं की बाकावर उभं करायची पोरांना."

मला वाटलं, आता रडतील. नाही रडल्या.

"इतके दिवस वाटत होतं, तुम्ही वाचलंत आणि गप्प बसलात. तर वाचलंच नाहीत! यातलं जास्त वाईट कुठलं, तूच सांग."

मी कप खाली ठेवला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ती माझ्याकडे नाही आता. शोधावी लागेल. वेळ लागेल." दारापर्यंत आल्या.

"ते दुसऱ्या टेकडीवरचे लोक — खाली आणलेस ना?"

"हो, बाई."

"परत चढू देऊ नकोस."

२४ मे

काही नाही. टेकडी जागच्या जागी.

शाळेत लोकांची भांडणं. संडास तीन, माणसं एकशे बारा. मला बघून एकीने हाक मारली, "आल्या बघा भेगवाल्या बाई!" सगळी हसली. मीही.

मार्लेनी म्हणते, भेगेचं मोजमाप तीन दिवस हललेलं नाही. वरून दबाव येतोय.

२५ मे, शनिवार

परवानगी निघाली. सोमवारी सकाळी सगळे आपापल्या घरी.

एबेलियोला हात जोडले, थांबा म्हटलं. "अजून किती? माझ्याकडे लग्नाचे कपडे पडलेत शिवायचे." पुढे जे म्हणाला ते लिहीत नाही. त्याचं काय चुकलं? आधी आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आता तो आमच्यावर का ठेवेल?

कदाचित मीच घाबरट झालेय. एका चुकीची भरपाई म्हणून एकशे बारा माणसांना जमिनीवर झोपवलं. असंही असेल. असेलच.

२६ मे, रविवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. लोमा बेर्दे राहिली नाही. आवाज आमच्या घरापर्यंत आला, कपाटातले पेले वाजले.

अनवाणी शाळेत पोचले. धूळच धूळ. मार्लेनी बाकावर चढून यादी वाचत होती. नाव घ्यायची, थांबायची. एकशे दहा झाली. एकशे अकरा. शेवटचं — एबेलियो मोंकादा. कुणी बोलेना. पुन्हा ओरडली. भिंतीमागून, पँट सावरत — "आहे! आहे ना!" म्हणाला, डोंगर होता तिकडे बघितलं, आणि मटकन खाली बसला.